मॅडम, तुम्ही थांबलात

आदरणीय मॅडम,

ह्यांचा जुगार सुटावा म्हणून तुमच्याकडे आलो, त्या पहिल्या गुरुवारी तुम्ही माझ्याकडे न बघता ह्यांनाच विचारलंत, "आकडा लावताना नेमकं काय बरं वाटतं?" अपघातापासून ह्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. सवयीनं मीच उत्तर द्यायला गेले. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात आणि थांबलात. बराच वेळ. मग हे म्हणाले, "चिठ्ठी लावताना मला कुणी 'राहू दे, तुला जमणार नाही' म्हणत नाही."

तीन वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

हे मोटारसायकलवरून पडले, कपाळामागच्या मेंदूला मार लागला. टाके निघाले तसं रुग्णालयानं 'ठणठणीत आहेत' म्हणून घरी धाडलं. स्वभाव बदलू शकतो, हातचा पैसा आवरेनासा होऊ शकतो, याबद्दल एक अक्षर नाही. कधी पत्त्याला हात न लावलेला माणूस मोबाईलवर रमी खेळून माझ्या पाटल्या घालवून बसला. एका समुपदेशकानं तासभर व्याख्यान देऊन शपथ घ्यायला लावली. संध्याकाळी ती ह्यांना आठवतही नव्हती, आणि ठपका आला 'इच्छाशक्तीच नाही' असा! 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. पंधरा दिवसांत हे मटक्याच्या टपरीवर.

अमेरिकेतल्या आयोवातला 1994 चा तो प्रयोग तुम्ही समजावलात. पत्त्यांचे चार गठ्ठे, त्यातले दोन बुडवणारे. धडधाकट माणसं हळूहळू ते सोडतात. मेंदूच्या त्या कपाळामागच्या भागाला इजा झालेली माणसं तेच उचलत राहतात. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी न चिडता ह्यांना वाढलं.

मग तुम्ही साधे उपाय लावून दिलेत: दळणाला जायचा दुसरा रस्ता, खिशात शंभरच रुपये, मटक्याचा 'ओपन' म्हणजे पहिला आकडा फुटायच्या वेळेला भाच्याबरोबर कॅरम. (कॅरममध्ये हे अजून कुणाला ऐकत नाहीत!) मधे एकदा पाय घसरला, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. कुठे, किती वाजता, खिशात किती होते, एवढं ह्यांच्याच हातानं वहीत लिहवून घेतलंत.

शिकलेली माणसं आम्हाला पुष्कळ भेटली, मॅडम. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणारं माणूस किती दुर्मीळ असतं, ते तुमच्याकडे आल्यावर कळलं.

परवा भाऊजी आले आणि ह्यांच्यादेखत मला विचारू लागले, "आता कसा आहे हा?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." आणि आम्ही सगळे थांबलो.

तुमच्या गुरुवारच्या पेशंटची बायको