परराज्यात जाणाऱ्या परिचारिकांची अडवणूक

महोदय,
नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांत दोन-तीन वर्षे अनुभव घेऊन आपल्या कितीतरी एएनएम, जीएनएम हे परिचर्येचे अभ्यासक्रम केलेल्या मुली जास्त पगाराच्या आशेने हैदराबाद, रायपूरला जातात. माझी मुलगीही गेली. तिथे कळले, महाराष्ट्रातली नोंदणी थेट चालत नाही. इथल्या परिचर्या परिषदेचे (नर्सिंग कौन्सिल) ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथल्या परिषदेत पुन्हा नोंदणी करावी लागते. तोवर एका खासगी रुग्णालयाने तिला 'ट्रेनी' म्हणून राबवले. नाईट ड्युटी पूर्ण, पगार अर्धा. आयसीयूतले रुग्ण मात्र तिच्याच भरवशावर!

सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने स्पष्ट शिफारस केली आहे: 200 हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन, 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान 20 हजार रुपये. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली आणि तिथेच घोडे अडले.

मुलींनो, ना-हरकत प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय नागपूर सोडू नका. नियुक्तीपत्रात पद आणि पगार लिहून घ्या. आणि राज्य सरकारने ही शिफारस आधी आपल्याकडे लागू करावी, म्हणजे निम्म्या मुली घर सोडणारच नाहीत.

- एका परिचारिकेचे वडील, मानेवाडा, नागपूर