खिडकी क्रमांक तीनच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. बँकेच्या नियमांत बसेल की नाही कोण जाणे. पण त्या मंगळवारी १२ लाखांची एफडी मोडायला आलेला घामाघूम म्हातारा तुम्हाला आठवत असेलच.

माझ्या शर्टाच्या खिशात फोन चालू होता. पलीकडे खाकीतले ‘साहेब’ ऐकत होते. माझ्या आधारवर कुणीतरी सिम घेतलंय, काळ्या पैशाचा गुन्हा आहे, मी ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहे, बायकोशी बोललो तर तिलाही उचलतील, असं दोन दिवस चाललं होतं. पैसे म्हणे रिझर्व्ह बँकेच्या ‘पडताळणी खात्यात’ भरायचे, चौकशी झाली की परत. बँकेत कुणी विचारलंच तर मुलाच्या फ्लॅटसाठी म्हणायचं.

तुम्ही विचारलंत, मी तेच म्हणालो. पैसे पाठवायच्या आरटीजीएस फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याशा ट्रेडर्सचं. तुम्ही त्यावर अवाक्षर काढलं नाहीत. एक स्लिप उलटी करून लिहिलंत, ‘काका, फोनवर कोणी आहे? नुसती मान हलवा.’ आणि मोठ्याने म्हणालात, ‘सर्व्हर डाऊन आहे, बसा जरा.’ (हे वाक्य ऐकून बरं वाटण्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ.)

फोन बंद केल्यावर तुम्ही सांगितलंत, अशी अटक कायद्यात नाहीच. ताई, मी ३१ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. अटक केलेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, संविधानाचं कलम २२, हे पोरांकडून घोकून घेतलं. आणि मला व्हिडिओ कॉलवर अटक झाली!

आदल्या रात्री ९५,००० रुपये यूपीआयने गेले होते, ते मी लाजेपोटी लपवत होतो. कबूल केलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. घड्याळाकडे पाहिलंत आणि सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, १९३०, लावून दिलात. व्यवहाराचा नंबर मला सापडेना, तोही तुम्हीच काढलात. चोर पैसे पुढच्या खात्यात सरकवायच्या आत त्या बँकेला कळलं तर ते तिथेच गोठतात, हे मला तेव्हा समजलं. मग सायबर पोर्टलवर तक्रार, बँकेला लेखी अर्ज. ‘पोच घेतल्याशिवाय जाऊ नका. कळवल्यानंतर खात्यातून काही गेलं तर ते बँकेच्या अंगावर,’ हे बँकेतल्याच असून तुम्ही बजावलंत!

३८,००० गोठले, कोर्टाच्या आदेशाने परतही मिळाले. बाकीचे गेले.

निघताना म्हणालात, ‘परवा एक डॉक्टर आले होते, असेच.’ खरंच आले होते, की माझी लाज राखलीत? विचारणार नाही. पण त्या वाक्याच्या जोरावर संध्याकाळी घरी सगळं सांगू शकलो.

ती स्लिप पासबुकात ठेवली आहे. एफडीची मुदत दिवाळीनंतर संपते. तेव्हा येईन, दुसरी खिडकी रिकामी असली तरी तुमच्याच रांगेत उभा राहीन.

तुमचा,
एक निवृत्त मास्तर