बाबूच्या खुब्याचा एक्स-रे आम्हाला वाचून दाखवणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण पत्र वाचलंत तर ओळखाल. ओपीडीत रांग दारापर्यंत गेली होती आणि तुम्ही तेव्हा रेसिडेंट होता. "राऊंडला मोठे सर येतील, त्यांना विचारा" एवढं म्हणून तुम्ही मोकळे झाला असतात तरी आम्ही काही बोललो नसतो.

पर्थेस, म्हणजे लहान मुलांच्या खुब्याचा एक आजार, हा शब्द आमच्या घरात तुमच्यामुळे आला. तोवर बाबूचा गुडघा दुखत होता, म्हणजे तो तसं सांगायचा आणि आम्ही तेच सगळीकडे सांगायचो. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ. कोणी म्हणालं, वाढत्या वयाचं दुखणं आहे. कोणी म्हणालं, टीबी असणार. एका ठिकाणी तर टीबीच्या गोळ्या लिहून द्यायची तयारी झाली होती. तुम्ही त्याला टेबलावर उताणं झोपवलंत आणि गुडघा न चाचपता आधी दोन्ही मांड्या बाहेरच्या बाजूला नेऊन पाहिल्यात. उजवी आरामात गेली, डावी मध्येच अडली. मग खुब्याचे दोन एक्स-रे: एक सरळ, एक बेडकासारखे पाय फाकवून. खुब्यात बिघाड असला तरी पोरं गुडघ्यावर हात ठेवतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

टीबीचं ऐकून तुम्ही हसला नाहीत, हेही लक्षात आहे. 1910 साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पर्थेस या डॉक्टरांनी हा आजार वेगळा ओळखला. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉमनी तो टीबीचाच प्रकार समजून लिहिला होता, असं तुम्ही सांगितलंत. एवढा मोठा माणूस चकला म्हटल्यावर आमच्याकडच्यांना किती बोल लावणार!

केसपेपरच्या मागे तुम्ही बॉलपेनने एक वाटी आणि तिच्यात एक गोळा काढलात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचं रक्त तुटतं, का ते अजून कुणाला नक्की ठाऊक नाही. मेलेलं हाड ढासळतं, त्याचे तुकडे होतात आणि मग दोन-चार वर्षांत शरीर स्वतःच नवं हाड भरतं. "ऑपरेशनने आजार बरा होत नाही," हे वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात. ऑपरेशन फक्त गोळा वाटीत नीट बसवून ठेवतं, म्हणजे नवं हाड गोल भरतं. मी मनात म्हटलं, ओली उकड साच्यात असेतोवरच आकार धरते.

यांनी विचारलं, सहा महिने थांबून बघू का? कुणालाही विचारावंसं वाटेल. गावात तेल-मालीशवाल्यांचीही काही कमी नव्हती. तुम्ही आमच्यावर चिडला नाहीत, मोबाईल काढून एक लेख उघडलात. 2003 सालचा, मणिपालच्या डॉ. बेंजामिन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. पर्थेस झालेल्या 610 मुलांच्या एक्स-रेंवरून आजार कसा पुढे सरकतो ते त्यात मांडलेलं. मणिपाल म्हणजे उडुपीजवळ, आमच्या कुडाळहून याच किनाऱ्याने खाली. आमच्यासारख्यांचीच पोरं ती, असं मला वाटून गेलं. त्यांनी आजाराच्या पहिल्या तिन्ही टप्प्यांचे दोन-दोन भाग पाडले आणि दाखवलं की तुकडे पडण्याच्या दुसऱ्या भागात गोळा वाटीबाहेर झपाट्याने सरकतो. म्हणजे वाटीत राखायचा तर तो भाग सुरू व्हायच्या आधीच. बाबू त्या वेळी तुकडे पडण्याच्या पहिल्या भागात होता. नैऋत्य किनाऱ्यावरच्या मुलांना हा आजार परदेशातल्यांपेक्षा मोठ्या वयात होतो, तेव्हा नवव्या वर्षी कसा झाला म्हणून घाबरू नका, हेही तुम्हीच सांगितलंत.

याहून जास्त आभार पुढच्या गोष्टीसाठी. अमेरिकेतल्या डॉ. हेरिंग यांचा 2004 सालचा मोठा अभ्यास तुम्ही सांगितलात, 438 मुलांचा. गोळ्याची बाहेरची कड बऱ्यापैकी शाबूत असेल आणि मूल आठच्या पुढे असेल, तर ऑपरेशनचा फायदा दिसतो. आठच्या आतली अशी मुलं बहुधा तशीही बरी होतात. आणि कड पारच खचली असेल तर ऑपरेशन करा वा न करा, निकाल बेताचाच. हा शेवटचा भाग तुम्ही गाळू शकला असतात. नाही गाळलात, म्हणून आम्ही सही केली ती समजून केली.

ऑपरेशन झालं. हाड कापून तिरकं केलं, प्लेट बसवली, पुढे कुबड्या. शाळेने वर्ग तळमजल्यावर आणला. बाबूने कुबड्यांवरून क्रिकेटची अंपायरिंग सुरू केली आणि त्याचे निर्णय कुणाला पटत नसत.

मोठेपणी काही राहिलं तर, असं मी विचारलं होतं. तेव्हा तुम्ही स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉ. गांझ यांचं नाव घेतलंत. गोळ्याला रक्त देणारी वाहिनी नेमकी कुठून जाते ते त्यांच्या चमूने पक्कं केलं, आणि ती सांभाळून सांधा पूर्ण उघडायची पद्धत 2001 साली 213 खुब्यांच्या अनुभवासह मांडली. एकाही गोळ्याचं रक्त तुटलं नव्हतं. त्यामुळे वेडावाकडा भरलेला गोळाही आता दुरुस्त करता येतो, लगेच कृत्रिम सांध्याकडे धावावं लागत नाही. बाबूला ती वेळ येईल की नाही, ते तो वाढल्यावरच कळेल.

सध्या एक्स-रेत बाहेरच्या कडेने नवं हाड दिसायला लागलंय. कुबड्या अजून आहेत.

आणि हो, बाबूचे एक्स-रे नाव न लावता तुमच्या विभागाच्या अभ्यासासाठी वापरू का, म्हणून तुम्ही फॉर्म दिला होता. हे तेव्हा का-कू करत होते. परवा त्यांनी स्वतःहून सही केली, बाबूनेही खाली आपलं नाव लिहिलंय. पुढच्या तपासणीला घेऊन येतो.

तुमची,
बाबूची आई