मग्दालीया मरीयेवरचा कलंक पुसायला हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बायबलमधल्या स्त्रियांवर लेख आला. त्यात मग्दालीया मरीयेची ओळख ‘पश्चात्ताप झालेली वेश्या’ अशी करून दिली आहे. मी वसईत मुलांना धर्मशिक्षण देते. येशूच्या दुःखसहनावरच्या नाटकात या मरीयेला भडक साडी नेसवायची आणि केस मोकळे सोडायचे, हे आमच्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की कुणाला त्यात वावगे वाटत नाही. मला मात्र वाटते.

येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत कुठेही तिला वेश्या म्हटलेले नाही. त्यांपैकी लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात ती भेटते ती सात भुतांपासून मुक्त झालेली बाई म्हणून. सोबत राज्यकर्ता हेरोद याच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना आणि सुसान्ना. या बायका पदरमोड करून येशू आणि त्याच्या शिष्यांचे भागवत होत्या. पुढे बहुतेक शिष्य पांगले, तेव्हा ती क्रुसाजवळ होती.

मग हा कलंक आला कुठून? इ. स. ५९१ च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी रोममध्ये एक प्रवचन केले. लूकच्या सातव्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवणारी एक निनावी पापी स्त्री आहे. ती, मार्थेची बहीण बेथानीची मरीया आणि मग्दालीया या तिघी एकच, असे त्यांनी मांडले. सात भुते म्हणजे सगळे दुर्गुण, आणि जे सुगंधी तेल पापासाठी वापरले तेच तिने देवाला वाहिले, असा अर्थ लावला. रोममध्ये नुकतीच प्लेगची साथ होऊन गेली होती. खचलेल्या माणसांना असा अर्थ धीर देतो, हे मला कळते आणि प्रतीक म्हणून तो मला मान्यही आहे. पण पुढे त्या प्रतीकाचेच चरित्र झाले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र मग्दालीयेला त्या पापी स्त्रीशी कधी जोडले नाही.

याची किंमत खऱ्या बायकांनी मोजली. आयर्लंडमध्ये मग्दालीयेच्याच नावाने चालणाऱ्या धुलाईगृहांत अविवाहित माता आणि अनाथ मुली डांबल्या जात, बिनपगारी राबवल्या जात. शेवटचे धुलाईगृह १९९६ मध्ये बंद झाले आणि २०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी सरकारतर्फे माफी मागितली.

प्रतीकेच पाहायची तर योहानच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडावा. येशूची कबर बागेत आहे. आत दोन देवदूत बसलेले, एक उशाशी, एक पायथ्याशी. यहुद्यांच्या पवित्र पेटीवर, म्हणजे कराराच्या कोशावर, दोन टोकांना दोन करूब (पंख असलेले देवदूत) होते, त्याची अनेक भाष्यकारांना इथे आठवण होते. मरीया रडत असते आणि समोर उभ्या, मेलेल्यांतून उठलेल्या येशूला माळी समजते. पहिला आदाम एदेन बागेचा राखणदारच होता. म्हणून हा नवा आदाम, आणि ती नवी हव्वा. एका बागेतून मरण आले, दुसऱ्या बागेतून जीवनाची बातमी निघाली आणि ती पोचवली एका बाईने. वर्गातल्या मुलींना हे सांगते तेव्हा त्या ताठ बसतात.

ती येशूची बायको होती, ही दुसरी टोकाची गोष्टही लेखात ओझरती आली आहे. या दाव्यासाठी फिलिपच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९४५ मध्ये इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रंथाचा हवाला देतात. येशू तिचे चुंबन घेई, असे सांगणाऱ्या ओळीत नेमके ‘कुठे’ त्या जागी पान फाटलेले आहे. ‘ओठांवर’ हा शब्द नंतरच्या अभ्यासकांनी अंदाजाने भरला. एवढ्यावर लग्न ठरवता येत नाही.

कॅथलिक चर्चने स्वतःची चूक सुधारायला वेळ लावला, पण सुधारली. १९६९ च्या नव्या पंचांगात तिच्या दिवसाची उपासना त्या पापी स्त्रीच्या कथेपासून वेगळी केली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांच्या, सणांची बरोबरी दिली. बेथानीच्या मरीयेला २०२१ पासून मार्था आणि लाजरससह २९ जुलै हा दिवस मिळाला.

आपला लेख मात्र ५९१ मध्येच थांबला आहे. पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक धर्मशिक्षिका, वसई