किल्ली कुणाकडे होती? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सा. न.

जिथे बाळंतपण होतं तिथे नवजात बाळासाठी सुसज्ज कोपरा हवा, हा शासनाचाच नियम. बाळाला पहिला श्वास घ्यायला मदत कशी करायची हे शिकवणारा नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमही २००९पासून आहे. तरी गेल्या आठवड्यात इंदूर जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात न रडलेलं बाळ हातात घेऊन नर्सबाई किल्ली शोधत होत्या. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून मास्कमधून बाळाला श्वास देण्याची पिशवी, कपाटात, किल्ली दिवसपाळीच्या बाईंच्या घरी. कुलूप फोडलं, तर मास्क २ नंबरचा. बाळ गेलं.

पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबरचा मास्क लागतो, अपुऱ्या दिवसांच्याला ०. मोठा मास्क डोळ्यांवर चढतो, हनुवटीखालून हवा निसटते आणि छाती हलतच नाही. मग बॅग कितीही जोरात दाबा!

दहांतल्या एखाद्या बाळाला पहिल्या श्वासासाठी मदत लागते. बहुतेकांना कोरडं पुसणं, ऊब, पाठ चोळणं एवढं पुरतं. तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग, मिनिटाला ४० ते ६० वेळा. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला खोलीतली हवाच द्यायची असते, म्हणून 'ऑक्सिजनचा सिलिंडर नव्हता' हे उत्तर स्वीकारू नका. १०८ची गाडी त्या मिनिटात पोहोचत नाही.

बॅग धुऊन पुन्हा जोडताना व्हॉल्व्हची रबरी चकती उलटी बसते, कधी हरवतेच. वरून बॅग नवी दिसते, हवा मात्र बाळापर्यंत जात नाही. प्रत्येक बाळंतपणाआधी मास्क तळहातावर घट्ट दाबून बॅग दाबायची: हाताला दाब लागला पाहिजे, जास्त दाबल्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला पाहिजे, सोडताच बॅग फुगली पाहिजे. अर्धं मिनिट लागतं. तपासणीला येणारे साहेब हे कधी करून बघतात? ते यादीवर 'आहे' अशी खूण करून जातात.

प्रशिक्षणाचंही तेच. दोन दिवस, प्रमाणपत्र, मग वर्षानुवर्षं सरावाच्या बाहुलीला हात नाही. सराव सुटला की हात काही महिन्यांत विसरतात. आणि बाळ गेलं की नोटीस कुणाला? कंत्राटी नर्सला. खरेदी करणाऱ्याला नाही, किल्ली ठेवणाऱ्या व्यवस्थेला नाही. २०२०मध्ये आपल्या राज्याचा अर्भक मृत्युदर (वर्षाच्या आत दगावणारी बाळं) हजारी ४३ होता, देशाचा २८. ही तफावत नर्सबाईंनी एकटीने निर्माण केली का?

नव्या इमारतीची फीत नंतर कापा. आधी प्रत्येक प्रसूतिकक्षात दोन्ही मास्कांसह चालू बॅग वॉर्मरजवळ (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राजवळ) उघडी ठेवायचा आदेश काढा, आणि महिन्यातून एकदा बाहुलीवर सराव. कुलपं याच आठवड्यात काढा, त्याला निविदा लागत नाही.

इंदूरची एक निवृत्त परिचारिका