अडकलेल्या रिफंडची गाठ सोडवणाऱ्या, बँकेच्या केवायसी टेबलावरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही करसल्लागार. नवरा-बायकोचा आयकराचा अडकलेला रिफंड जमा झाला की आभाराचा फोन आम्हाला येतो. खरी गाठ बहुतेक वेळा तुमच्या टेबलावर सुटलेली असते आणि ते कुणाला कळतही नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहोत.

आपल्याकडे जोडप्याचे रिटर्न एकत्र भरता येत नाही. दोन पॅन, दोन रिटर्न, दोन रिफंड. एकाच दिवशी भरलेल्या दोन रिटर्नपैकी त्याचा रिफंड आला आणि तिचा राहिला, तर आधी नाव बघा, हे तुमचे सांगणे आम्ही आता प्रत्येकाला ऐकवतो. पॅन माहेरच्या नावाचे, बँक खाते सासरच्या नावाचे, आधार यातले कुठलेतरी एक. आयकर विभागाचे पोर्टल खात्यावरचे नाव आणि पॅन ताडून बघते. जुळले नाही तर खाते व्हॅलिडेट, म्हणजे पडताळून मान्य, होत नाही आणि तसल्या खात्यात रिफंड येत नाही. तो नवऱ्याच्या खात्यात वळवून घेण्याची सोयही नाही.

दुरुस्तीचा क्रम चुकला की सगळे पुन्हा करावे लागते. कोणते नाव कायम ठेवायचे ते आधी ठरवायचे. सासरचे ठरले तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र घेऊन पहिल्यांदा आधार, मग पॅनमधली दुरुस्ती, मग पॅन-आधार जोडलेले आहे ना याची खात्री, कारण जोडणी नसेल तर पॅन निष्क्रिय होते आणि रिफंड रोखला जातो. त्यानंतर बँकेची केवायसी. शेवटी पोर्टलवर खाते पुन्हा व्हॅलिडेट करून, रिफंड फेल झालेला असल्यास 'रिफंड रिइश्यू'ची, म्हणजे तो पुन्हा पाठवण्याची, विनंती. खाते दुरुस्त झाले म्हणून पैसे आपोआप येतील असे समजून लोक थांबून राहतात. ही विनंती टाकावीच लागते.

पण तुमची खरी कमाल बँकेतल्या ग्राहक क्रमांकात आहे. लग्नाआधीच्या खात्याचा एक क्रमांक, नंतर जोड खाते उघडताना तयार झालेला दुसरा, आणि पॅन जोडलेले जुन्यालाच! बाहेरून हे दिसत नाही. पासबुक बरोबर, आयएफएससी बरोबर, तरी पडताळणी नापास. तुम्ही दोन्ही क्रमांक शोधून एकत्र करून दिलेत तेव्हा वाट मोकळी झाली. रिफंडसाठी बायकोने स्वतःचे एकटीचे खाते द्यावे, जोड खात्यातले दुसरे नाव पुरेसे धरू नये, हा तुमचा सल्लाही आम्ही उचलला आहे.

मुदत ठेवींबाबतही तसेच. पैसे नवऱ्याचे, ठेव बायकोच्या नावावर, म्हणून टीडीएस, म्हणजे बँकेने व्याजातून कापलेला कर, तिच्या पॅनवर. व्याज मात्र कायद्याने नवऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते. मग ती व्याज न दाखवता टीडीएसचा रिफंड मागते आणि रिटर्न अडकते. 1962 च्या आयकर नियमांतल्या नियम 37बीए खाली ठेवीदाराने बँकेला लेखी निवेदन दिले तर टीडीएस नवऱ्याच्या पॅनवर दाखवता येतो. असे निवेदन 'इथे चालत नाही' म्हणून परत न करता तुम्ही ते घेतले आणि पोच दिली. त्या पोचेचे मोल आम्ही जाणतो.

हे वाचणाऱ्या जोडप्यांसाठी एक. प्रत्येक उशिराचे खापर बँकेवर फोडू नका. रिटर्न भरलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून 9 महिन्यांपर्यंत विभागाला प्राथमिक तपासणीची सूचना पाठवता येते. म्हणजे जुलै 2025 मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी 31 डिसेंबर 2026 पर्यंत. वेळेत भरलेल्या रिटर्नच्या रिफंडवर 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते, पण रिफंड एकूण कराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल तर नाही. शिवाय उशीर करदात्यामुळे झाला असेल तर तेवढा काळ वगळतात. न जुळणारे नाव महागात पडू शकते ते इथेच.

ताई, मार्चच्या गर्दीतही तुम्ही पॅन जोडल्याची नोंद स्वतः स्क्रीनवर पाहिल्याशिवाय समोरच्या बाईंना परत पाठवत नाही. त्याबद्दल मनापासून आभार.

आपले,
शेजारच्या गल्लीतले करसल्लागार