सईला, ‘काळ हा भास आहे’ याबद्दल

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

आजी गेली त्या आठवड्यात तू लिहिलं होतंस, ‘आई, काळ हा भासच आहे, फिजिक्सने सिद्ध केलंय. म्हणजे आजी आहेच.’ घरात माणसांचा राबता होता, उत्तर राहून गेलं. तुझी माया पोचली गं. पण जन्मभर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलेल्या बाईच्या घशाखाली ते ‘सिद्ध केलंय’ काही उतरेना.

हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. मिशेल बेसो हा आइनस्टाइनचा तरुणपणापासूनचा जिवलग. तो मार्च 1955 मध्ये वारला, तेव्हा आइनस्टाइनने त्याच्या घरच्यांना कळवलं, की आम्हा फिजिक्सवाल्यांच्या लेखी भूत, वर्तमान, भविष्य हा भेद म्हणजे नुसता भास, कितीही चिवट असला तरी. ते सांत्वनाचं पत्र होतं, शोधनिबंध नव्हे. पुढे महिन्याभरात, 18 एप्रिलला, तो स्वतःही गेला.

मागे सापेक्षता आहे, हे मात्र खरं. आपल्या तलावपाळीचंच घे. एक जण कठड्यापाशी भेळ खात बसलाय. दुसरा ताशी पाच किलोमीटरच्या चालीने निघालाय, आणि योगायोगाने त्याचं तोंड देवयानी दीर्घिकेकडे आहे. ती इथून 25 लाख प्रकाशवर्षं दूर. दोघं एकमेकांना ओलांडतात त्या क्षणी विचार, ‘देवयानीत आत्ता काय चाललंय?’ आइनस्टाइनच्या 1905 च्या सापेक्षता सिद्धांताप्रमाणे दोघांच्या ‘आत्ता’त साधारण चार दिवसांचं अंतर पडतं. चालणाऱ्याचा ‘आत्ता’ तिथे चार दिवस पुढचा. तोच पाठ फिरवून चालू लागला, की चार दिवस मागचा. आणि दोघांतला एकही चूक नाही! हे सांगितलं की माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरचे झोपाळूसुद्धा जागे व्हायचे.

यावरून काही जण म्हणतात, एकाचं अजून व्हायचंय ते दुसऱ्याचं होऊन गेलंय, मग सगळं आधीपासून मांडलेलंच असणार. हा त्या सिद्धांताचा लावलेला एक अर्थ झाला. खुद्द सिद्धांत आणखीही काही सांगतो आणि ते कोणी उद्धृत करत नाही. तलावपाळीवरच्या त्या क्षणाचा आणि देवयानीतल्या त्या चार दिवसांचा एकमेकांवर काही परिणाम होऊच शकत नाही, प्रकाशालासुद्धा तेवढ्यात पोचता येत नाही. म्हणून तिथे क्रम मागेपुढे झाला तरी चालतो. जिथे एका घटनेमुळे दुसरी घडू शकते, तिथे क्रम कोणासाठीच उलटत नाही. आजी आधी गेली, तुझा मेसेज नंतर आला. देवयानीतून पाहिलं तरी हेच.

काळाला दिशा का, हा पुन्हा निराळा प्रश्न. तो बोल्ट्झमन या एकोणिसाव्या शतकातल्या फिजिक्सवाल्याच्या खात्यातला. हिंगाची फोडणी दिली की वास जिन्यापर्यंत जातो, परत पळीत येत नाही. कणांच्या टकरींचे नियम दोन्ही दिशांनी सारखेच. पण पसरण्याच्या तऱ्हा अफाट, पळीत गोळा होण्याच्या जवळजवळ नाहीतच. म्हणून काळाची दिशा आवरलेल्याकडून पसरलेल्याकडे. मुळात विश्व सुरुवातीला इतकं आवरलेलं का होतं, यावर अजून सर्वांना पटेल असं उत्तर नाही. त्यावर तू डोकं चालव, माझं झालं आता.

राहिला तो ‘आत्ता’. रुडॉल्फ कार्नाप या तत्त्वज्ञाने लिहून ठेवलंय, की या प्रश्नाने आइनस्टाइन मनापासून बेचैन होता. माणसाला ‘आत्ता’ हा भूत-भविष्याहून अगदी वेगळा जाणवतो, आणि हा वेगळेपणा फिजिक्सच्या हाती लागत नाही, याची त्याला रुखरुख होती. भास म्हणून त्याने हात झटकले नाहीत. बेसोच्या घरच्यांना लिहिणारा आणि कार्नापशी बोलणारा माणूस एकच. मला दुसऱ्या वेळचा जास्त पटतो. आजी होती, हे कोणालाच पुसता येणार नाही. ‘आहेच’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वर्षश्राद्ध तिथीने आहे, तारखेने नव्हे, आणि तिथी कधी एकोणीस तासांत आटपते, कधी सव्वीस तास रेंगाळते. गुरुजींना विचारून दिवस कळवते. तोवर तिकीट काढू नकोस.

तुझी आई
नौपाडा, ठाणे